काचपट्टी आणि छप्पर : प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका विजेच्या बाबतीत मोठा नशीबवान. कोयनेचे धरण याच तालुक्यात. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीला उतरते, आणि सगळे टप्पे धरले तर १,९६० मेगावॉटची क्षमता त्या पाण्यावर उभी आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत त्यांची गणना होई. आणि २०२४ मध्ये याच तालुक्यातली मान्याचीवाडी, शंभरेक घरांची एक वाडी, राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. पाणी, वारा, ऊन असे तिन्ही एका तालुक्याच्या वाट्याला आले.

आज घरांच्या छपरांवर जी पॅनेल बसतात ती जवळपास सगळी सिलिकॉनची असतात. मान्याचीवाडीपासून गाडीने दोन-अडीच तासांवर, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, चाळीस वर्षांहून अधिक काळ सोलर सेलच्या पदार्थांवर संशोधन चालू आहे. सातारा-सांगलीकडची कितीतरी मुले तिथे एम.एस्सी. झाली, पीएच.डी. झाली, काही कोरियात, जपानात, ऑस्ट्रेलियात गेली. त्यांनी हाताळलेल्या पदार्थांत सिलिकॉन क्वचितच होते. म्हणजे छपरावरचा पदार्थ वेगळा आणि आपल्या प्रयोगशाळेतला वेगळा. हे असे का झाले, त्यातून आपल्याला काय मिळाले आणि काय हुकले, हा प्रश्न मला या पुस्तकाच्या मुळाशी दिसतो. लेखकांनी तो इतक्या उघडपणे विचारलेला नाही. प्रस्तावनाकाराला थोडे आगाऊपण चालते, म्हणून मी विचारतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडी पूर्वपीठिका.

प्रकाशाने वीज होते हे १८३९ मध्ये फ्रान्समधल्या एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या मुलाने पाहिले. त्याचा प्रयोग द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांचा होता. हा ओला प्रयोग ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडची वाट पुढे त्याच दिशेने गेली. १८८३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमच्या थरावर सोन्याचा पातळ वर्ख चढवून सेल केला. पडलेल्या उन्हातला जेमतेम एक टक्का त्यातून विजेच्या रूपाने मिळे. त्यानंतर सत्तर वर्षे हा विषय कुतूहलाचाच राहिला. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सेल दाखवला, सहा टक्क्यांचा. चार वर्षांनी व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर तो अवकाशात गेला. जमिनीवर त्याला परवडणारे गिऱ्हाईक नव्हते. वर, जिथे तेलाचा डबा नेता येत नाही तिथे, किमतीची फिकीर कोणाला नव्हती.

या सगळ्यामागचे भौतिकशास्त्र एका उंबरठ्यात सांगता येते. प्रत्येक अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला ठरावीक ऊर्जा लागते. हा उंबरठा म्हणजेच बँड गॅप. सिलिकॉनचा १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाशकण आला तर उंबरठा ओलांडला जात नाही, तो वाया. जास्त ऊर्जेचा आला तर इलेक्ट्रॉन ओलांडतो, पण वरची शिल्लक उष्णता होऊन जाते. उंबरठा उंच केला तर व्होल्टेज वाढते पण ओलांडणारे कमी होतात. बुटका केला तर ओलांडणारे वाढतात पण हाती व्होल्टेज थोडे उरते. ही ओढाताण शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये हिशेबात बसवली. त्या हिशेबाने एकाच पदार्थाच्या सेलला साधारण ३३ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, आणि सर्वांत सोयीचा उंबरठा १.३ ते १.४ च्या आसपास पडतो. पदार्थवैज्ञानिकाचा निम्मा जन्म योग्य उंबरठ्याचा पदार्थ शोधण्यात जातो. उरलेला निम्मा त्या पदार्थातले दोष निस्तरण्यात जातो, कारण मोकळा झालेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेपर्यंत पोचण्याआधी वाटेतल्या एखाद्या दोषात अडकून पुन्हा बसतो.

सिलिकॉनची वाट यात सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत रुंद. वाळूतून काढलेले सिलिकॉन नऊ नवांपर्यंत (९९.९९९९९९९ टक्के) शुद्ध करायचे, १,४१४ अंशांवर वितळवायचे, त्याचा स्फटिक ओढायचा, मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतक्या जाडीच्या चकत्या कापायच्या. कारखाना मोठा, विजेचे बिल मोठे, भांडवल त्याहून मोठे. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये पहिला देशी सोलर सेल केला. ती सरकारी कंपनी होती, म्हणून जमले. पुढे चीनने या उद्योगाच्या प्रत्येक टप्प्याची जवळपास ऐंशी टक्के क्षमता आपल्याकडे ओढली आणि भाव इतके पाडले, की २०१० ते २०२० या दशकात पॅनेलची किंमत साधारण एक दशांशावर आली. आपण आज स्वस्त पॅनेल घेतो ते त्या पडलेल्या भावात. प्रयोगशाळेत आपली कार्यक्षमता दोन टक्क्यांनी वाढली म्हणून आनंद साजरा करणाऱ्या संशोधकाला ही बाजारपेठ समोर असते, याची जाणीव या पुस्तकातल्या काही लेखांतून जागोजागी होते, काहींतून मुळीच होत नाही.

सातारा आणि सांगलीला पदार्थांचे वावडे कधीच नव्हते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर, मग पंप, इथल्या शेतात आले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा काच कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगला गेला. ओगल्यांच्या आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करत गावोगाव फिरणारे भाऊराव पाटील पुढे कर्मवीर झाले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये तिचे बिऱ्हाड साताऱ्यात आले. लोखंड आणि काच या दोन पदार्थांवर या पट्ट्याने कारखाने उभारले. सिलिकॉनवर एकही उभा राहिला नाही. त्यात आळसाचा भाग नव्हता. नांगराला भट्टी, साचा आणि कसबी लोहार पुरत; सिलिकॉनला यातले काहीच पुरत नाही. पण रयतेच्या कमवा आणि शिका योजनेतून जी मुले विज्ञान शाखेला गेली, त्यांनी पुढे काचेच्याच पट्टीवर काम केले, हे मला गमतीचे वाटते.

ही काचपट्टी म्हणजे या प्रदेशातल्या संशोधनाचे खरे चिन्ह. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे त्याचे जिल्हे. नव्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला परदेशी निर्वात यंत्रे विकत घेता येणे कठीण होते. तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी जे परवडेल ते निवडले: बीकर, हॉट प्लेट, रसायने, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची साधी काचपट्टी. एस. एच. पवार यांनी फोटोइलेक्ट्रोकेमिकल सेलवर, म्हणजे अर्धवाहक थर द्रावणात बुडवून प्रकाशात वीज काढण्यावर, काम उभे केले. हा बेकरेलचाच ओला प्रयोग, दीडशे वर्षांनी. पवार आणि त्यांचे विद्यार्थी चंद्रकांत लोखंडे यांचा विजेच्या साहाय्याने द्रावणातून अर्धवाहक थर चढवण्यावरचा आढावा १९८९ मध्ये जर्मन नियतकालिकात आला. पुढे लोखंड्यांनी रासायनिक निक्षेपणाच्या, म्हणजे द्रावणातून थर चढवण्याच्या, पद्धतींना आयुष्य दिले: राजाराम माने यांच्यासह २००० मध्ये, हबीब पठाण यांच्यासह २००४ मध्ये त्यांनी लिहिलेले आढावे आजही या क्षेत्रात नव्याने येणारा विद्यार्थी, मग तो कोरियातला असो की ट्युनिशियातला, आधी वाचतो. प्रमोद पाटील यांनी १९९९ मध्ये स्प्रे पायरोलिसिसच्या अष्टपैलूपणावर लिहिलेला आढावा तितकाच गाजला. सी. एच. भोसले, के. वाय. राजपुरे यांनी हीच फवाऱ्याची पद्धत पुढे नेली. ही कोल्हापूरची घराणेदार परंपरा; गुरूचे नाव सांगितले की बाकीचे ओळखतात.

बाहेरच्या माणसाला ही कामे कशी चालतात ते सांगितल्याशिवाय पुस्तक कळायचे नाही, म्हणून थोडे जवळून. समजा कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर हवा आहे. काचपट्टी आधी साबणाच्या पाण्याने, मग क्रोमिक ॲसिडने, मग डबल डिस्टिल्ड पाण्याने धुवायची. बोटाचा ठसा उमटला की तिथे थर धरत नाही. बीकरमध्ये कॅडमियमचे क्षार, त्यात अमोनिया. आधी पांढरा गाळ येतो, अमोनिया वाढवला की तो विरघळतो, कारण कॅडमियमचे आयन अमोनियाने धरून ठेवलेले असतात. मग थायोयुरिया. बीकर ७० अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवायचा आणि पट्टी उभी टांगायची. पहिली काही मिनिटे काहीच होत नाही. मग द्रावणावर हलकी पिवळी झाक येते, ती गडद होते, आणि तेवढ्यात पट्टी बाहेर काढायची. उशीर झाला की द्रावणातच ढेकळे जमून पट्टीवर पूड बसते, लवकर काढली तर थर उन्हात धरल्यावर दिसतही नाही. केव्हा काढायची हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते मागच्या बाकावरचा सीनियर सांगतो, आणि तोही घड्याळाकडे न पाहता रंगाकडे पाहून. शेजारी दुसरा विद्यार्थी सिलार करतो. एका बीकरमध्ये धन आयन, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात ऋण आयन, चौथ्यात पाणी. पट्टी बुडव, काढ, धू, पुन्हा बुडव. एकेका फेरीत नॅनोमीटरच्या हिशेबात थर चढतो, म्हणून फेऱ्या पन्नास, ऐंशी, शंभर. ही पद्धत फ्रान्समधल्या निकोलाऊ या संशोधकाने १९८५ मध्ये मांडली. शंभर फेऱ्या हाताने मोजत बसण्याची तपश्चर्या मात्र आपल्याकडच्या मुलींनी आणि मुलांनी केली. राज्यात भारनियमन चालू होते त्या वर्षांत ढवळणारे यंत्र मध्येच बंद पडे आणि दिवसाचे काम नाल्यात जाई. सौर विजेवर संशोधन करणाऱ्याचे काम वीज गेली म्हणून थांबावे, यातली गंमत त्यांच्या लक्षात तेव्हाच येत असणार.

एवढे करून सेल किती टक्क्यांचा? बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांच्या आतच. त्यावरून या घराण्याला नावे ठेवण्याची हौस काही जणांना असते. माझे मत असे, की ही टीका निम्मी बरोबर आणि निम्मी अडाणी आहे.

अडाणी अशासाठी, की बीकरचा थर कारखान्यात पोचल्याचे ठोस उदाहरण आहे. तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनाइडचे सेल, म्हणजे सीआयजीएस, हे पातळ थरांच्या सेलमधले मोठे नाव. त्यांच्या उत्तम आवृत्त्यांत मुख्य थरावर पन्नासेक नॅनोमीटरचा कॅडमियम सल्फाइडचा मधला थर लागतो, आणि तो वर्षानुवर्षे याच रासायनिक स्नानाने चढवला गेला. निर्वातात चढवलेला थर खडबडीत पृष्ठभागावर फटी सोडतो. बीकरमधला थर कोपऱ्याकोपऱ्यात बसतो आणि खालच्या पृष्ठभागावरचे काही दोषही निस्तरतो. सिलिकॉनच्या जगात हे तंत्र हास्यास्पद वाटेल, इथे ते अपरिहार्य ठरले. फ्लोरिन मिसळलेला टिन ऑक्साइड, पारदर्शक असूनही वीज वाहणारा, तोही गरम काचेवर रसायन शिंपडून वा वाफ सोडून होतो. फवाऱ्याच्या पद्धतीचा तो चुलत भाऊ. बहुतेक नव्या सेलची सुरुवात या काचेवरच होते. बाजारातून आणलेल्या अशा काचेची वीज वाहणारी बाजू कोणती हे मल्टीमीटर लावून पाहावे लागते, आणि नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात एकदा तरी उलट्या बाजूवर थर चढवतो.

बरोबर अशासाठी, की मधल्या काळात विद्यापीठीय व्यवस्थेने सेलपेक्षा शोधनिबंधाला किंमत दिली. प्राध्यापकाच्या बढतीला निबंधांचे गुण लागतात, पीएच.डी.ला निबंध लागतात, आणि थर चढवून त्याचा एक्स-रे, सूक्ष्मदर्शकाचे चित्र आणि प्रकाश-शोषणाचा आलेख एवढे मिळाले की निबंध होतो. सेल करायचा तर अजून चार थर, दोन संपर्क, आणि उन्हासारखा दिवा लागतो. त्यामुळे पदार्थ बदलत गेले, सेल मात्र फारसे झाले नाहीत. तेच थर पुढे सुपरकपॅसिटरकडे, वायू ओळखणाऱ्या सेन्सरकडे वळले. लोखंड्यांच्या गटाची आजची जगभरची ओळख बरीचशी सुपरकपॅसिटरची आहे. त्यात वाईट काही नाही. पदार्थ एकाच कामाशी लग्न लावून बसत नाही. पण सोलर सेलच्या नावाने सुरू झालेल्या प्रकल्पांच्या यादीत सोलर सेल शोधावे लागतात, हे खरे आहे, आणि संपादकांनी ते थोडे स्पष्ट लिहायला हवे होते.

पदार्थांच्या निवडीत या परंपरेने एक चांगला विचार केला होता: स्वस्त, विषारी नसलेले, जमिनीत मुबलक सापडणारे. इंडियम महाग, टेल्युरियम दुर्मीळ, कॅडमियम विषारी. म्हणून तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांचा सीझेडटीएस पुढे आला. उंबरठा १.५, शोषण उत्तम, सगळे घटक स्वस्त. कागदावर याच्याइतका गुणी पदार्थ नाही. आय.बी.एम.ने २०१३ मध्ये या कुळातून १२.६ टक्के काढले आणि मग जवळपास दशकभर गाडी तिथेच अडली. कारण तांबे आणि जस्त आकाराने जवळपास सारखे; स्फटिकात ते एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात, आणि तेवढ्याने व्होल्टेज गळते. सातारा-सांगलीच्या किती तरुणांची पीएच.डी. या एका गोंधळाशी झुंजण्यात गेली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पुस्तकातले या पदार्थावरचे लेखन मला सर्वांत प्रामाणिक वाटले. न जमलेल्या गोष्टींबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले जाते.

मग वारे फिरले. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थरावर रंगद्रव्य चढवून सात टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता काढली. पांढऱ्या रंगात वापरली जाणारी पूड आणि एक रंगद्रव्य! कोल्हापूरच्या बीकरसंस्कृतीला हे लगेच जवळचे वाटले. २००९ मध्ये जपानच्या मियासाकांच्या गटाने त्या रंगद्रव्याच्या जागी पेरोव्हस्काइट वापरले. तेव्हा हाती आले ३.८ टक्के. पेरोव्हस्काइट हे मूळ खनिज १८३९ मध्ये, म्हणजे बेकरेलच्या वर्षीच, उरल पर्वतात सापडले होते. पंधरा वर्षांत हे ३.८ टक्के २६ च्या पुढे गेले. सिलिकॉनला एवढी वाट चालायला याच्या साधारण चौपट काळ लागला होता. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवून केलेले दुहेरी सेल आज ३४ टक्क्यांच्या वर आहेत. एका पदार्थाची मर्यादा दोन उंबरठे लावून ओलांडली गेली. आणि पेरोव्हस्काइट द्रावणातूनच चढते. बीकर पुन्हा मधोमध आला.

इथे आपल्या घराण्याचा खरा लाभ दिसतो. शिवाजी विद्यापीठाच्या थिन फिल्म प्रयोगशाळेत घडलेले सावंता माळी दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठात गेले. तिथे चांग कूक हाँग यांच्या गटात त्यांनी गरम हवेच्या झोताखाली पेरोव्हस्काइटचा थर वाळवण्याची पद्धत बसवली. नेहमीची पद्धत नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत करायची असते; हवेत थर चढवता येणे ही गोष्ट कारखान्याच्या दृष्टीने मोठी. २०२३ मध्ये नेचर एनर्जीत त्यांचा निबंध आला, सेंद्रिय भाग पूर्ण काढून टाकलेल्या, सिझियमच्या पेरोव्हस्काइटवर, एकाच पदार्थाची दोन स्फटिकरूपे एकावर एक चढवून साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे. त्या निबंधाच्या लेखकांत आणखीही मराठी नावे आहेत. ज्याने विद्यार्थिदशेत शेकडो पट्ट्या बुडवल्या, रंग पाहून थर ओळखला, त्याच्या बोटांत काही ज्ञान साठलेले असते. ते टक्केवारीत मोजता येत नाही, आणि मला वाटते कोल्हापूरने जगाला दिलेली मुख्य गोष्ट तीच. कोरियात या मुलांना मागणी का होती याचे उत्तर नुसत्या शिष्यवृत्त्यांच्या आकड्यांत सापडणार नाही. स्वस्तात, हाताने, चिकाटीने थर चढवणारी माणसे तिथल्या प्रयोगशाळांना हवी होती आणि ती इथे तयार होत होती.

आता यातले काय सातारा-सांगलीला आज लागू पडते? पुष्कळ. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ: इथे पाण्याची टंचाई आणि उन्हाची रेलचेल. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी वर चढवतात, आणि चढवायला वीज लागते. वीजबिलाच्या थकबाकीवरून आवर्तन अडल्याच्या बातम्या इथल्या वाचकाला नव्या नाहीत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. रात्री पाणी धरायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी आणि मनात सापाची भीती असते; ती टळावी हा त्यामागचा साधा हिशेब. २०२४ मध्ये सूर्यघर योजनेने तीन किलोवॉटच्या छपराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान दिले. देशाची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॉटच्या पुढे गेली.

पण पॅनेलवरची टक्केवारी प्रयोगशाळेतल्या २५ अंशांची असते. एप्रिलच्या दुपारी माणच्या पत्र्यावर पॅनेल सहज ६५ अंशांना जाते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर चाळीस अंशांत चौदा टक्के गेले. वर धूळ, आणि धूळ धुवायला पाणी नाही. हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे, आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळेला तो पडत नाही. उष्णतेत कमी घसरणारा पदार्थ, धूळ न धरणारा लेप, पॅनेलच्या मागचे प्लास्टिक किती वर्षांत पिवळे पडते: असल्या प्रश्नांवर काम करायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. लेप तर आपल्या घराण्याच्या हातचा मळ. पेरोव्हस्काइटचे दुखणे टिकाऊपणाचे आहे. बाजारात येण्यासाठी ८५ अंश आणि ८५ टक्के दमटपणात हजार तास काढावे लागतात. शिवाय त्यात शिसे आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आले, म्हणजे गारपिटीत फुटलेले पॅनेल बांधावर टाकून देता येणार नाही. पंचवीस वर्षांनी आजची सगळी पॅनेल उतरतील तेव्हा त्यातली काच, चांदी आणि सिलिकॉन कोण वेगळे करणार, याचा विचार करायला आत्ताच सुरुवात झाली तर बरी.

हा संग्रह ज्यांनी लिहिला ते बहुतेक या दोन जिल्ह्यांतून निघालेले शिक्षक आणि संशोधक आहेत. काही अजून महाविद्यालयात शिकवतात, काही परदेशातून लिहितात. पुस्तक पॅनेल विकत घेण्याचे मार्गदर्शन करत नाही, आणि ज्याला अनुदानाचा अर्ज कसा भरायचा हे हवे आहे त्याने इथे वेळ घालवू नये. पदार्थ कसा निवडला जातो, कसा चढवला जातो, कसा तपासला जातो आणि बहुधा का फसतो, हे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला मराठीत समजावे एवढाच त्याचा उद्देश. म्हणून समीकरणे कमी आणि बीकर जास्त आहेत. विटा किंवा वाईच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला या पुस्तकातले प्रयोग निम्मे तरी आपल्या प्रयोगशाळेत करून पाहता येतील. कॅडमियमचे मात्र करू नयेत. धूर बाहेर ओढून घेणारे कपाट नसेल तर अमोनियाही नको. हे मी संपादकांना सांगितले आणि त्यांनी सूचना ठळक टाइपात छापली, याबद्दल आभार.

वाचनाचा क्रम सांगायचा तर मी इतिहासाची प्रकरणे मागे टाकून आधी थर चढवण्यावरचे लेख वाचीन. आधी हाताला काम, मग सिद्धांत. या घराण्याची तीच रीत. सीझेडटीएसवरचा लेख सावकाश वाचावा. कोरियातून लिहिलेल्या लेखांत थोडी स्वतःची पाठ थोपटणे आहे, ते सोडून द्यावे. टक्केवारी जिथे आली आहे तिथे सेलचा आकार किती होता ते पाहावे: चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या हिश्शावर काढलेले वीस टक्के आणि दोन चौरस मीटरच्या पॅनेलवरचे वीस टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काही लेखकांनी आकार दिलेला नाही. पुढच्या आवृत्तीत तो सक्तीने द्यावा.

आणखी एक उणीव आहे. सगळी मोजमापे दिव्याखाली झाली आहेत. इथल्या उन्हात वर्षभर ठेवलेल्या एकाही सेलचा हिशेब पुस्तकात नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी दहिवडी किंवा जतच्या एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर सिलिकॉनचे एक पॅनेल आणि लेप दिलेले दुसरे शेजारी शेजारी ठेवून बारा महिन्यांचे तापमान, धूळ आणि वीज यांचे आकडे छापावेत, असे मी सुचवले. संपादक तयार आहेत. नोंदी ठेवणारे यंत्र कोणी घ्यायचे आणि सुटीत पॅनेल कोणी पुसायचे, यावर त्यांचे अजून बोलणे चालू आहे.